छप्पन्न तास

३१ ऑक्टोबर २०१८, बुधवार. दुपारी तीनच्या सुमारास. उरले ५६ तास.

यवतमाळ जिल्ह्यातल्या शोधमोहिमेसाठी भुलीचं औषध कालवलं जातं. हे औषध डार्टमध्ये भरायचं, डार्ट वाघिणीच्या मांडीवर मारायचा, ती आडवी झाली की डोळ्यांवर पट्टी बांधायची, पिंजऱ्यात घालायचं आणि न्यायचं. वनखात्याच्या आदेशात हाच क्रम आहे. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यासमोर हाच क्रम मांडला गेला आहे. आधी भूल. ती देणं अशक्य ठरलं तरच गोळी.

एकदा कालवलेलं औषध चोवीस तासांच्या आत वापरायचं असतं. त्यानंतर त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

ही वेळ पुढे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीतून बाहेर आली. टी-१ वाघिणीवर रोखलेल्या डार्टमधलं औषध ५६ तास जुनं होतं, अशी नोंद समितीने केली. ती मारली गेली त्या शुक्रवारी, २ नोव्हेंबरच्या रात्री अकरापासून उलट मोजत गेलं की बुधवारची दुपार येते. वनखात्याच्या कागदावर ती टी-१ होती. प्राणिमित्रांनी तिला अवनी म्हटलं, आणि महाराष्ट्राने तिला याच नावाने लक्षात ठेवलं.

८८४ दिवस आधी. १ जून २०१६.

राळेगाव तालुक्यातलं बोराटी गाव. साठीची एक शेतकरी बाई कापसाच्या शेतात मृत सापडते. शरीरावरच्या खुणा वाघाच्या आहेत. वनखात्याच्या हिशेबात टी-१च्या नावावर लागलेल्या तेरा मृत्यूंपैकी हा पहिला.

पांढरकवडा, राळेगाव, केळापूर, मारेगाव हा पट्टा नकाशावर जंगल म्हणून दिसत नाही. पऱ्हाटी, तूर, मध्ये नाला, नाल्याकाठी झुडपी जंगलाचा तुकडा, रायमुनियाची दाटी, पुन्हा पऱ्हाटी. टिपेश्वर अभयारण्य जवळ आहे, पण ते १४८ चौरस किलोमीटरचं. तिथे वाघ वाढले की तरुण वाघ बाहेर पडतात आणि या तुकड्यांत शिरतात. इथे हरणं कमी, गुरं जास्त. गुरांमागे गुराखी असतो, तुरीत निंदणारी बाई असते, रात्री जागलीवर बसलेला माणूस असतो.

तेरा माणसं गेली. यांत शेतकरी होते, शेतमजूर होते, गुराखी होते. दोन वर्षं या गावांत लोक एकट्याने शेतात जात नव्हते, उन्हं कलायच्या आत परत येत होते, आणि जागल सुटल्यामुळे रानडुकरं उभं पीक लोळवत होती. वाघिणीच्या बाजूने बोलणाऱ्या कुणालाही हे वगळून बोलण्याचा अधिकार नाही. मलाही नाही.

पहिल्या मृत्यूनंतर मोजण्यासारखी गोष्ट एकच होती: किती दिवसांत हा वाघ ओळखला जातो, गावातून दूर नेला जातो, आणि तोवर लोकांना रानात जावं लागू नये म्हणून काय केलं जातं. दुसरा मृत्यू झाला. तिसरा झाला. नुकसानभरपाईची फाईल पुढे सरकली. वाघीण होती तिथेच राहिली.

जानेवारी २०१८.

वनखात्याचा पहिला ठार मारण्याचा आदेश निघतो. प्राणिमित्र मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जातात. आदेश टिकत नाही. वाघिणीला जिवंत पकडण्याचा रस्ता मोकळा राहतो.

याच सुमारास टी-१ दोन बछड्यांना जन्म देते. एक नर, एक मादी. नोव्हेंबरमध्ये त्यांचं वय दहा महिने सांगितलं गेलं, त्यावरून हा काळ ठरतो.

विदर्भात वाघ शोधायला सोपे महिने फेब्रुवारी ते मे. पानगळ झालेली असते, गवत वाळलेलं असतं, पाणवठे मोजके उरतात. वाघ दिसतो, आणि डार्ट लागल्यावर तो कुठे जाऊन पडला तेही दिसतं. लहान पिल्लं असलेली वाघीण फार लांब जात नाही. २०१८ चा उन्हाळा असा होता. तो गेला, आणि वाघीण पकडली गेली नाही.

जूनमध्ये पाऊस आला. रान दाटलं.

ऑगस्ट २०१८. उरले ६६ दिवस.

एकाच महिन्यात तीन माणसं जातात. तिसरा मृत्यू २८ ऑगस्टला पिंपळशेंडा इथे. गावांत आता भीतीच्या जागी राग आहे. वनरक्षक गावात शिरायला कचरतात. मंत्रालयावर दबाव येतो. दोन वर्षांत जे करायचं राहिलं, ते काही आठवड्यांत करायचं ठरतं, आणि तेही जमिनीवर सर्वांत दाट गवत असताना.

४ सप्टेंबर २०१८. उरले ५९ दिवस.

राज्याचे प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) ए. के. मिश्रा यांच्या सहीने आदेश निघतो. बछड्यांना भूल देऊन पकडायचं. वाघिणीलाही भूल देऊन पकडायचं. ते साधलं नाही तर, आणखी मनुष्यहानी टाळण्यासाठी, गोळी घालायची.

या आदेशाला कायद्याचा आधार आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ११. अनुसूची एकमधला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला तर मुख्य वन्यजीव रक्षक कारणं लेखी नोंदवून त्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतो. पण त्याच कलमात अट आहे: प्राणी पकडता येत नाही, त्याला भूल देता येत नाही, दुसरीकडे हलवता येत नाही, याची खात्री पटल्याशिवाय त्याला मारण्याचा आदेश देता येणार नाही. या अटीत वाघाच्या बाजूचं सगळं सामावलेलं आहे. याखेरीज त्याला दुसरं कवच नाही.

११ सप्टेंबर २०१८. उरले ५२ दिवस.

उच्च न्यायालयाने आदेश उचलून धरलेला आहे. सर्वोच्च न्यायालय हस्तक्षेप करायला नकार देतं. क्रम मात्र तोच: आधी भूल. शिवाय मारणाऱ्याला बक्षीस दिलं जाऊ नये, असंही स्पष्ट केलं जातं.

आता सगळं एका शब्दावर येऊन थांबलं: आधी. भूल आधी देण्याचा प्रयत्न झाला, हे कोण ठरवणार, कशावरून ठरवणार आणि रात्री अकरा वाजता झाडीत उभ्या असलेल्या गाडीत ते कोण तपासणार, याचं उत्तर कुठल्याच कागदात नव्हतं.

सप्टेंबर, ऑक्टोबर.

मोहीम मोठी होत जाते. दोनशेच्या आसपास माणसं. शंभराच्या आसपास ट्रॅप कॅमेरे. ड्रोन. आमिष म्हणून बांधलेले घोडे आणि बकऱ्या. मध्य प्रदेशातून हत्ती येतात, चंद्रपूरहून गजराज नावाचा हत्ती येतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गजराज रात्री साखळी तोडून तळावरून निसटतो आणि चहांद गावात एका बाईला ठार करतो. आणखी एक माणूस जखमी होतो. हत्तींचा वापर थांबतो. ही बाई वाघिणीच्या तेरा बळींत मोजलेली नाही. लोकांना वाचवायला निघालेल्या मोहिमेने तिचा जीव घेतला, आणि मोहीम तशीच पुढे चालू राहिली. थांबून विचार करायची ही जागा होती.

मग इटालियन केन कोर्सो जातीची कुत्री आणली जातात. हवेतून पाहणी करायला पॅराग्लायडर येतो. एका अमेरिकन अत्तराची फवारणी होते, कारण त्यातल्या कस्तुरीसारख्या वासाकडे मोठी मांजरं ओढली जातात, असं परदेशातल्या एका प्राणिसंग्रहालयातल्या प्रयोगात आढळलं होतं. वर्तमानपत्रांत या सगळ्याची छायाचित्रं येत राहतात.

रानात इतका गोंगाट झाल्यावर दोन पिल्लांची वाघीण काय करील हे गावातल्या कुठल्याही गुराख्याने सांगितलं असतं. ती हलत राहते. एका जागी शिकार करून दोन-तीन दिवस तिच्यावर बसायची सवय तिला मोडावी लागते. आणि हलणाऱ्या वाघाला डार्ट मारता येत नाही.

ऑक्टोबरमध्ये हैदराबादचे शिकारी नवाब शफात अली खान यांना पुन्हा बोलावलं जातं. सप्टेंबरमध्ये त्यांच्या येण्याला विरोध झाला होता. केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी जाहीर आक्षेप घेतला होता. तरीही ते परत येतात. सोबत मुलगा असगर अली खान. खात्याने अधिकार दिला तो वडिलांना. मुलाला नाही.

१ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी तीनच्या सुमारास. उरले ३२ तास.

बुधवारी कालवलेल्या औषधाचे चोवीस तास भरतात. नियम साधा आहे: ते टाकून द्यायचं, नवीन कालवायचं. यासाठी दोन गोष्टी लागतात, औषधाची कुपी आणि पशुवैद्य. मात्रा ठरवणं, ती वाघिणीच्या अंदाजे वजनाला लावणं, उतारा हाताशी ठेवणं हे पशुवैद्याचं काम आहे. १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा हे काम नोंदणीकृत पशुवैद्याखेरीज इतर कुणालाही करू देत नाही.

डार्ट बदलला जात नाही.

१ नोव्हेंबर, रात्री अकरा. उरले २४ तास.

वाघीण उपाशी आहे. शवविच्छेदनात तिच्या जठरात आणि आतड्यांत द्रव आणि वायू एवढंच सापडलं. चार-पाच दिवस तिने काही खाल्लं नसावं, असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणजे बुधवारी औषध कालवलं गेलं तेव्हाही ती उपाशी होती, आणि गुरुवारीही. दहा महिन्यांचे बछडे शिकारीसाठी मुख्यतः आईवर अवलंबून असतात. ती उपाशी असेल तर बहुधा तेही उपाशी.

उपाशी, आमिषाकडे ओढली जाण्याची शक्यता असलेली वाघीण. दिवसाउजेडी पकडायला याहून अनुकूल अवस्था क्वचितच मिळते.

२ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळ. उरले १७ तास.

दिवाळी जवळ आली आहे. रविवारी वसुबारस. वेचणीचे दिवस आहेत, पऱ्हाट्यांवर कापूस फुटला आहे, आणि मजूर बाया टोळीने रानात जातात. शुक्रवार म्हणून राळेगावचा आठवडी बाजार आहे. आजूबाजूच्या गावांतले लोक संध्याकाळपर्यंत तिथे जाणार आणि त्याच रस्त्यांनी परतणार, हे तालुक्यात प्रत्येकाला ठाऊक आहे. मोहिमेलाही ठाऊक आहे.

बोराटीच्या परिसरात दुसऱ्या एका वाघिणीचं मूत्र आणि ते अत्तर शिंपडलं जातं. हेतू एकच: टी-१ने तिथे यावं.

याचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. त्या दिवशी वाघीण रस्त्याजवळ अचानक आली नाही. तिला बोलावलं गेलं होतं. ज्याला बोलवायचं त्याच्या स्वागताची तयारी आधी करायची असते: ताजं औषध, पशुवैद्य, पिंजरा, उजेड, अधिकार असलेला माणूस.

२ नोव्हेंबर, दुपार.

ज्यांच्या नावाने अधिकार होता ते शफात अली खान महाराष्ट्रात नाहीत. ते बिहारमध्ये आहेत. रायफल तळावर आहे आणि मुलगा तळावर आहे.

त्या दिवशी रात्रीची गस्त रद्द करणारा एक फोन पुरेसा होता. अधिकृत व्यक्ती हजर नाही, सबब बंदूक गाडीत चढणार नाही, एवढं एक वाक्य. ते म्हणण्याचा अधिकार अनेकांकडे होता.

२ नोव्हेंबर, संध्याकाळ. पावणेसहाच्या आत सूर्यास्त. उरले सव्वापाच तास.

अंधार पडल्यावर वाघाला भूल देऊ नये, हा वन्यजीव पशुवैद्यकांचा प्राथमिक दंडक आहे. औषध लगेच चढत नाही, काही मिनिटं जातात. तेवढ्या वेळात प्राणी उठतो, पळतो, झाडीत शिरतो. कुठे कोसळला ते दिसायला हवं, श्वास चालू आहे का ते पाहायला हवं, नाल्यात पडला असेल तर बाहेर काढायला हवा. अंधारात यातलं काही होत नाही. पावणेसहानंतर त्या दिवसापुरता भूल देण्याचा मार्ग बंद झाला होता. उरला होता तो दुसरा मार्ग.

अमावास्या पाच दिवसांवर आहे. चंद्र उगवणार तो मध्यरात्र उलटल्यावर.

२ नोव्हेंबर, रात्र.

वनखात्याने नंतर सांगितलेली हकिकत अशी: राळेगावच्या बाजारातून परतणाऱ्या लोकांना रस्त्यालगत वाघीण दिसली, त्यांनी कळवलं, गस्तीचं पथक उघड्या गाडीतून तिकडे निघालं.

गाडीत कोण आहे, याची नोंद चौकशीत झाली. असगर अली खान आहे. वनखात्याचा एक कर्मचारी आहे, त्याच्याकडे भुलीची बंदूक आहे, आणि तिचं प्रशिक्षण त्याला नाही. पशुवैद्य नाही.

डार्ट तोच आहे, बुधवारचा.

या क्षणीही पर्याय आहेत. वाघीण सापडली आहे. ती कोणत्या कक्षात आहे हे कळलं आहे. रस्त्याच्या दोन्ही तोंडांना गाड्या लावून वाहतूक थांबवता येते. गावांत फोन करून लोकांना घरात थांबवता येतं. दोन वर्षं ते तसेही अंधार पडल्यावर घरातच थांबत आले आहेत. पहाटेपर्यंत नजर ठेवता येते. सूर्योदय सव्वासहाच्या सुमारास. म्हणजे साधारण सात तास.

दोन वर्षं पाच महिने ज्या वाघिणीसाठी थांबलं गेलं, तिच्यासाठी आणखी सात तास थांबायचं होतं.

२ नोव्हेंबर, रात्री अकराच्या सुमारास. कक्ष क्रमांक १४९, बोराटी.

पथकाचं म्हणणं: डार्ट मारला. तो वाघिणीला लागला. ती डरकाळी फोडून वळली आणि गाडीवर चालून आली. अंतर आठ-दहा मीटर. असगर अलीने स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली.

एक गोळी.

डार्ट आणि गोळी यांच्यामध्ये औषध चढण्याइतका वेळ गेला नाही, हे पथकाच्या स्वतःच्याच कथनात आहे. डार्ट बसलेला वाघ चवताळतो, हे भूल देणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. म्हणून तर बंद गाडी वापरतात, अंतर ठेवतात, उजेडाची वाट पाहतात. जी प्रतिक्रिया होणारच होती तिलाच पुढे मारण्याचं कारण म्हणून सांगितलं गेलं.

ज्या गावात पहिला मृत्यू झाला होता त्याच गावच्या शिवारात हे घडलं. टी-१ साधारण पाच वर्षांची होती.

३ नोव्हेंबर, शनिवार.

मृतदेह रात्रीतच हलवला जातो आणि नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात शवविच्छेदनासाठी नेला जातो. घटनास्थळी उजेडात व्हायचं काम अंधारात उरकलं जातं.

गावांत बातमी पोहोचते. फटाके वाजतात, पेढे वाटले जातात. बाहेरच्या जगाला ही दृश्यं खटकली. मला ती समजतात. ज्या गावाने दोन वर्षं दर संध्याकाळी दार लावून माणसं मोजली, त्या गावाने सुटकेचा श्वास टाकला तर त्याला क्रूर म्हणता येणार नाही. क्रौर्य त्या गावात नव्हतंच. वेळ हातात असताना ज्यांनी तो घालवला आणि मग वेळ नाही म्हणून बंदूक बोलावली, त्यांच्या कारभारात ते होतं.

शवविच्छेदन होतं. डार्ट मांडीत आहे. गोळी डाव्या बाजूने, खांद्यातून शिरली आहे. समोरून चाल करून येणाऱ्या वाघाची छाती आणि डोकं पुढे असतं, कूस नाही. हा तपशील बाहेर येतो आणि स्वसंरक्षणाच्या कथनावर शंका घेतली जाते. डार्ट नंतर खोचला का, असाही संशय जाहीरपणे व्यक्त होतो.

४ नोव्हेंबर, रविवार.

मनेका गांधी याला हत्या म्हणतात आणि राज्याचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्यावर कारवाईची मागणी करतात. दोघेही एकाच पक्षाचे. वनमंत्री आपल्या खात्याची बाजू घेतात. पुढचे काही दिवस महाराष्ट्रात चर्चा मंत्र्यांच्या राजीनाम्याची होते. पशुवैद्य गाडीत का नव्हता, ही चर्चा त्याखाली दबते.

चौकशी समित्या नेमल्या जातात.

डिसेंबर २०१८.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीचे निष्कर्ष बाहेर येतात. असगर अलीला अधिकार नव्हता. शस्त्र कायद्याचा भंग झाला. पशुवैद्यक परिषद कायद्याचा भंग झाला. प्राधिकरणाच्या स्वतःच्या कार्यपद्धतीचा भंग झाला. डार्ट मारणारा अप्रशिक्षित होता. औषध ५६ तास जुनं होतं.

या यादीतल्या प्रत्येक गोष्टीला त्या छप्पन्न तासांत एक ठरावीक वेळ होती, जेव्हा ती दुरुस्त करता आली असती. औषध गुरुवारी दुपारी. अधिकाराचा प्रश्न शुक्रवारी दुपारी. पशुवैद्य संध्याकाळी गाडी निघण्याआधी. अंधाराचा प्रश्न तर काहीही न करता, फक्त थांबून सुटत होता.

त्याच महिन्यात मादी बछडा पकडला जातो. त्यासाठी पुन्हा हत्ती वापरले जातात, आणि भूल देऊन पकडण्याचं काम याच रानात, याच खात्याला जमतं. तिला पेंच व्याघ्र प्रकल्पात नेलं जातं. नर बछडा हाती लागत नाही.

फेब्रुवारी २०२१.

टी-१ला मारणाऱ्याला गावकऱ्यांकडून वाघिणीची चांदीची मूर्ती दिली गेली, हा बक्षीस न देण्याच्या अटीचा भंग आहे, अशी अवमान याचिका सर्वोच्च न्यायालयात येते. मारण्याच्या निर्णयाला न्यायालयाचीच मान्यता होती आणि गावकऱ्यांच्या आनंदाला अधिकारी जबाबदार नाहीत, अशी भूमिका न्यायालय घेतं. याचिका मागे घेतली जाते.

मार्च २०२१.

दोन वर्षं पेंचच्या कुंपणात वाढवलेली टी-१ची मुलगी जंगलात सोडली जाते. काही दिवसांतच, दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीत जखमी होऊन ती मरते. आईने शिकवायचं ते शिकण्याचं वय तिने कुंपणात काढलं होतं.

विदर्भात वाघ वाढत आहेत आणि अभयारण्यांच्या बाहेर येत आहेत. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ या जिल्ह्यांत माणसं मरत आहेत, आणि पुढचा आदेश कधीतरी निघेलच. तो निघाला की त्यात भूल आधी आणि गोळी नंतर असंच लिहिलेलं असेल, कारण कायदा तसंच लिहायला लावतो. हा आदेश सार्वजनिक कागद असतो. तुमच्या तालुक्यात तो निघेल त्या दिवशी वनपरिक्षेत्र कार्यालयात जा, माहितीचा अधिकार वापरा, आमदाराला भेटा, स्थानिक वार्ताहराला सोबत घ्या, आणि पहिल्याच दिवशी लेखी विचारा की पथकातला पशुवैद्य कोण, तो रोज गाडीत असणार का, आणि सूर्यास्तानंतर बंदूक कुणाच्या ताब्यात राहणार. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. पहिल्या माणसाचा जीव गेल्यावरही असंच विचारा: किती दिवसांत पकडणार? बोराटीत हे प्रश्न वेळेवर विचारले गेले नाहीत.